आहार, एपिजेनेटिक खुणा आणि रोगप्रतिकारक पेशींची सहनशीलता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक तीन प्रकारच्या वाचकांचे असतात: आमवात, ल्युपस किंवा थायरॉइडसारखा स्वप्रतिकार आजार असलेले, ॲलर्जी असलेल्या मुलांचे आईवडील, आणि 'एपिजेनेटिक्स' हा शब्द कुठेतरी वाचून बुचकळ्यात पडलेले. काही उत्तरं लांब आहेत, काही चार ओळींची. जिथे सांगण्यासारखं आहे तिथे हात आखडता घेतलेला नाही.

सहनशीलता म्हणजे काय? प्रतिकारशक्तीचं काम तर लढायचं आहे ना?

कुणाशी लढायचं नाही, हे ठरवणंही तिचंच काम आहे. टी पेशी म्हणजे परक्या रेणूंना ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. टी पेशीला कोणता रेणू ओळखता येईल हे जनुकांच्या तुकड्यांच्या फेरजुळणीतून ठरतं, आणि ही फेरजुळणी बरीचशी योगायोगाने होते. त्यामुळे आपल्याच सांध्यांना किंवा स्वादुपिंडाला परकं समजणाऱ्या पेशी प्रत्येकाच्या शरीरात तयार होतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे त्यातल्या बऱ्याचशा मारल्या जातात. सगळ्या नाहीत. सुटलेल्यांना आवरायला नियामक टी पेशी असतात. संशोधक त्यांना 'टी-रेग' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

या पेशी सापडल्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. उंदराच्या पिल्लाची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर पुढे त्याचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं. निरोगी उंदराच्या टी पेशी त्याला दिल्या, तर ते वाचतं. म्हणजे त्या पेशींमध्ये काहीतरी आवरणारं होतं. शिमोन साकागुची यांनी हे 'काहीतरी' १९९५ मध्ये नेमकं ओळखून दाखवलं, तेही दाबणाऱ्या टी पेशी ही कल्पनाच बहुतेकांनी मोडीत काढलेली असताना. दुसरीकडे, अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात खपल्या धरलेल्या कातडीचे नर उंदीर जन्मले होते. ते जेमतेम काही आठवडे जगत. त्यांच्यात बिघडलेलं जनुक मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधलं. त्याचं नाव फॉक्सपी-३, टी-रेग घडवणारं जनुक तेच. हेच जनुक बिघडलेली मुलं आयपेक्स नावाच्या दुर्मिळ आणि जिवावर बेतणाऱ्या आजाराने ग्रासलेली असतात. या तिघांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

मग यात एपिजेनेटिक्स कुठे आलं?

फॉक्सपी-३ जनुक आपल्या प्रत्येक पेशीत आहे. यकृताच्या पेशीतही आहे. फरक एवढाच की ते कुठे चालू आहे आणि कुठे बंद. चालू-बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा, म्हणजेच एपिजेनेटिक खुणा, डीएनएवर आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर असतात. ढोबळ नियम असा की डीएनएवर मिथाइल गट बसला की त्या भागाला कडी लागते, आणि हिस्टोनवर ॲसिटिल गट बसला की तो भाग मोकळा होतो.

फॉक्सपी-३ जनुकात एक छोटा पट्टा आहे. अस्सल, टिकाऊ टी-रेगमध्ये त्या पट्ट्यावरचे मिथाइल गट पुसलेले असतात. साध्या टी पेशीत ते जागच्या जागी असतात. मधलीही एक अवस्था आहे, आणि खरी गोम तिथेच आहे: साध्या टी पेशीला विशिष्ट संदेश मिळाले की ती फॉक्सपी-३ बनवायला लागते, टी-रेगसारखी वागते, पण तो पट्टा अर्धवटच पुसलेला असतो. दाह वाढला की अशी पेशी भूमिका सोडते आणि पुन्हा आक्रमक होऊ शकते. म्हणून टी-रेगची नुसती संख्या मोजून भागत नाही, त्या किती पक्क्या आहेत हेही पाहावं लागतं.

पण खाल्लेलं अन्न थेट जनुकांवरच्या खुणांपर्यंत पोहोचतं कसं?

खुणा करायला आणि पुसायला लागणारा माल अन्नातूनच येतो. मिथाइल गट मेथिओनिन या प्रथिनातल्या घटकापासून बनणाऱ्या एका रेणूकडून मिळतात. ते चक्र फिरतं ठेवायला फोलेट (ब गटातलं जीवनसत्त्व, गोळीत ते फॉलिक ॲसिड या रूपात असतं) आणि ब१२ लागतं. ॲसिटिल गट साखर आणि चरबीच्या ज्वलनातून येतात. मिथाइल पुसणाऱ्या टेट नावाच्या विकरांना (एन्झाइमना) लोह आणि पेशीच्या ऊर्जाचक्रातला एक रेणू लागतो. याशिवाय अ आणि ड जीवनसत्त्वांची सक्रिय रूपं पेशीच्या केंद्रकातल्या ग्राहक प्रथिनांना (रिसेप्टरना) चिकटून थेट जनुकंच चालू-बंद करतात.

हा झाला मार्ग. मार्ग आहे म्हणून अमुक खाल्लं की तमुक खूण बदलेल असं समीकरण निघत नाही. पेशी माल कमी पडला तर काटकसर करते आणि जास्त झाला तर बराचसा बाहेर टाकते.

तंतुमय पदार्थांचं एवढं कौतुक का होतं?

कारण या सगळ्या विषयातला सर्वांत भक्कम दुवा तिथे आहे.

तंतुमय पदार्थ म्हणजे चोथा, तो आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात, साधारण ६०:२०:२० या प्रमाणात. यातलं ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. शिवाय हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना ते अडवतं. गट निघत नाहीत, म्हणून फॉक्सपी-३ जनुकाचा भाग मोकळा राहतो आणि आतड्यात टी-रेग जास्त तयार होतात. २०१३ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरांमध्ये हे जवळजवळ एकाच वेळी दाखवलं. एकाच गटाचा निष्कर्ष असता तर सावध राहावं लागलं असतं, तीन जण वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचले म्हणून त्याला वजन आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम चोथा हवा. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी, मटकी-चवळी, भाज्या, पेरू असं खाणाऱ्याला ते जड नाही. पोळीचं पीठ मैद्याच्या चाळणीने चाळणाऱ्या आणि भाजी तोंडी लावण्यापुरती घेणाऱ्या घरात मात्र निम्म्यावर गाडी अडते. एकदम वाढवू नका, पोट फुगेल. आणि क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारामुळे आतडं अरुंद झालं असेल तर चोथा वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा, आतडं तुंबण्याचा खरा धोका असतो.

तुपात ब्युटिरेट असतं ना? मग रोज दोन चमचे तूप पुरे की!

असतं, दुधाच्या चरबीत तीन-चार टक्के. दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम तुपातून फार तर ०.४ ग्रॅम. तेही जठर आणि लहान आतड्यातच शोषलं जातं. टी-रेगला जिथे ते हवं त्या मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. तिथले जिवाणू नीट खाऊपिऊ घातले तर रोज काही ग्रॅम ब्युटिरेट जागेवर तयार करतात. वरणभातावर तूप चवीसाठी घ्या, त्यात काही वावगं नाही. त्याला प्रतिकारशक्तीचं औषध म्हणू नका.

शिळा भात खाल्ल्याने फायदा होतो का?

थोडा. शिजवून थंड केलेल्या भातातला काही स्टार्च न पचणारा होतो आणि चोथ्यासारखाच मोठ्या आतड्यात जातो. पण वाढ बेताची असते, आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवलात तर त्यात बॅसिलस सेरियस हा विषबाधा करणारा जिवाणू वाढतो. फ्रिजमध्ये ठेवा.

क जीवनसत्त्वाचा संबंध सर्दीशी की याच्याशी?

याच्याशी जास्त रंजक आहे. मिथाइल पुसणाऱ्या टेट विकरांचं काम नेमकं काय हे संशोधक अंजना राव यांच्या गटाने २००९ मध्ये उलगडलं. याच विकरांमधलं लोह काम करण्याजोग्या अवस्थेत ठेवायला क जीवनसत्त्व मदत करतं. २०१६ मध्ये राव यांच्याच गटाने दाखवलं की प्रयोगशाळेत टी-रेग तयार करताना क जीवनसत्त्व घातलं तर फॉक्सपी-३ चा तो पट्टा अधिक पुसला जातो आणि पेशी आपली ओळख टिकवून धरतात. टी-रेग शरीराबाहेर वाढवून रुग्णाला देण्याच्या उपचारांसाठी ही फार कामाची गोष्ट आहे.

ताटाशी जोडताना मात्र जपून. बशीतल्या पेशींना दिलेली मात्रा आणि आपण खाल्लेली मात्रा यांचा मेळ सरळ बसत नाही. शिवाय उंदीर क जीवनसत्त्व स्वतः बनवतो, आपल्यात ते बनवणारं जनुक निकामी आहे. एक मध्यम पेरू दिवसाची गरज भागवतो. १००० मिलिग्रॅमच्या फसफसणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या तर जादाचं मूत्रावाटे जातं आणि मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना तो त्रास वाढू शकतो.

अ जीवनसत्त्वाने सहनशीलता वाढते असं वाचलं. खरं का?

निरोगी आतड्यात खरं. तिथल्या काही पेशी अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवतात आणि त्याच्या सान्निध्यात नव्या टी पेशी टी-रेग होण्याकडे झुकतात. २००७ मध्ये अनेक गटांनी हे दाखवलं. पण २०११ मध्ये सिलिॲक आजाराच्या (गव्हातल्या ग्लुटेन प्रथिनामुळे आतड्याला दाह होतो तो) संदर्भात नेमकं उलटं दिसलं: आतड्यात इंटरल्युकिन-१५ हा दाहक रेणू वाढलेला असेल तर तेच रेटिनॉइक आम्ल ग्लुटेनविरुद्धचा दाह भडकवतं. एकच पोषक द्रव्य, परिसर बदलला की परिणाम उलटा. 'हे सहनशीलता वाढवतं' अशी सरसकट यादी देणाऱ्या लेखांवर माझा विश्वास बसत नाही, तो यामुळेच. गरोदर बाईने अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेऊ नयेत, गर्भात व्यंग होऊ शकतं. गाजर, शेवग्याचा पाला, लाल भोपळा यांची भीती नको.

ड जीवनसत्त्वाबद्दल माणसांवरचा पुरावा आहे का?

आहे, आणि या विषयात असा पुरावा विरळाच. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत पन्नाशीपुढच्या २५,८७१ लोकांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. सरासरी ५.३ वर्षांनी पाहिलं तर नवे स्वप्रतिकार आजार पहिल्या गटात १२३ जणांना झाले, दुसऱ्यात १५५ जणांना. म्हणजे २२ टक्के घट. बातम्यांत २२ टक्के हाच आकडा गाजला. प्रत्यक्षात दर गटात सुमारे १२,९०० माणसं होती आणि फरक ३२ जणांचा पडला. दोन्ही आकडे खरे आहेत, पण दुसरा डोळ्यासमोर ठेवून निर्णय घ्यावा. गोळी थांबवल्यावर परिणाम ओसरत गेल्याचंही नंतर दिसलं.

यामागची यंत्रणाही समजते: सक्रिय ड जीवनसत्त्व डेंड्रायटिक पेशींना मवाळ ठेवतं. या पेशी टी पेशींना शत्रू 'दाखवतात', आणि मवाळ असल्या की टी-रेगला बळ देतात.

आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी दुधात घालून आठवड्याला घ्यायची पद्धत आहे. कमतरता तपासून, ठरावीक आठवडे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून असेल तर ठीक. शेजारच्या काकूंना बरं वाटलं म्हणून वर्षभर घेणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, मूतखडे आणि मूत्रपिंडाचं नुकसान होऊ शकतं.

गरोदरपणातल्या आहाराचा बाळाच्या खुणांवर परिणाम होतो का?

होतो, हे माणसांत दाखवलं गेलेलं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाच्या खेड्यांत पावसाळा म्हणजे धान्याच्या टंचाईचे दिवस, पण हिरव्या पाल्याची रेलचेल. सुगीनंतरचा कोरडा काळ अगदी वेगळा. पावसाळ्यात गर्भ राहिलेल्या मुलांच्या काही ठरावीक जनुकभागांवर मिथाइल खुणा जास्त आढळल्या, आणि त्यांचा संबंध गर्भधारणेच्या सुमारास आईच्या रक्तात असलेल्या पोषक द्रव्यांशी लागला. त्यातला एक भाग रोगप्रतिकारावर नियंत्रण ठेवणाऱ्या छोट्या आरएनएचा आहे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत गर्भात असलेल्यांच्या रक्तात तर सहा दशकांनंतरही असे फरक सापडले.

पुण्याचं काम इथे सांगायलाच हवं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता-मुलांचा १९९० च्या दशकापासून पाठपुरावा करत आले आहेत. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी ब१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. हा अभ्यास चयापचयाचा आहे, टी-रेगचा नाही, त्याला ओढूनताणून ॲलर्जीशी जोडू नये. पण शाकाहारी घरांसाठी त्यातला मुद्दा थेट आहे: मिथाइलच्या चक्राला फोलेट आणि ब१२ दोन्ही लागतात. फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी दवाखान्यातही मिळते, ब१२ मात्र कुणी तपासत नाही. दूध-दही बेताचं असेल तर गर्भधारणेआधीच तपासून घ्या. फॉलिक ॲसिड मात्र बंद करू नका, बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूतले दोष त्याने टळतात.

बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून शेंगदाणे उशिरा द्यावेत का?

नको. हा सल्ला एकेकाळी डॉक्टरच देत असत, आणि तो उलटा निघाला. लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे धोका जास्त असलेलीच. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत दिलाच नाही. २०१५ मध्ये आलेला निकाल असा: सुरुवातीला त्वचा-चाचणीत शेंगदाण्याची लक्षणं नसलेल्या बाळांपैकी टाळणाऱ्यांत १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत १.९ टक्के. पुढे वर्षभर शेंगदाणा पूर्ण बंद ठेवूनही ही सहनशीलता टिकली.

एवढी टिकते म्हटल्यावर खुणांकडे बोट जातं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांना कणाकणाने वाढवत शेंगदाणा देण्याच्या अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात, ज्यांची सहनशीलता टिकली त्यांच्या टी-रेगमध्ये फॉक्सपी-३ वरचे मिथाइल गट कमी झालेले दिसले. गाईच्या दुधाची ॲलर्जी ओसरलेल्या मुलांतही असंच आढळलं आहे.

आपल्या घरात दाण्याचं कूट हाताशीच असतं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की भाताच्या पेजेत किंवा भाजीत अगदी बारीक कूट मिसळून द्या, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल तर पहिला घास बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. आणि ॲलर्जी झालेल्या मुलावर 'थोडं थोडं देऊन सवय लावू' हा प्रयोग घरी मुळीच करू नका.

निरसं दूध प्यायल्याने ॲलर्जी कमी होते म्हणतात?

युरोपातल्या शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासांत तसा संबंध दिसतो, आणि गोठ्याजवळ वावरणाऱ्या आयांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात टी-रेग जास्त आढळल्या आहेत. तरी निरसं दूध देऊ नका. आपल्याकडे ब्रुसेलोसिस (गुरांकडून माणसाला होणारा ताप) आणि गुरांचा क्षय आहे, आणि दोन्ही निरशा दुधातून येऊ शकतात.

मीठ?

उंदरांत आणि बशीतल्या पेशींत जास्त मिठाने आक्रमक टी पेशी वाढतात आणि टी-रेगचा लगाम ढिला पडतो. माणसांतल्या स्वप्रतिकार आजारांत चित्र अजून धूसर आहे. रक्तदाबासाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायचंच आहे, लोणचं-पापडासकट.

'इम्युनिटी बूस्टर' घ्यावा का? मला ल्युपस आहे.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिचं आवरणं सुटलेलं असतं. ल्युपसच्या टी पेशींत मिथाइल खुणा कमी आढळतात, आणि मिथाइल बसवण्याची प्रक्रिया मंदावणाऱ्या, हायड्रॅलाझिन या रक्तदाबाच्या औषधासारख्या औषधांनी ल्युपससारखी लक्षणं उद्भवू शकतात. म्हणजे इथे पुसलेल्या खुणा त्रासाच्या आहेत. फॉक्सपी-३ वर पुसलेली खूण चांगली, दुसऱ्या जनुकांवर वाईट. 'मिथायलेशन सुधारणारी' गोळी यातल्या नेमक्या कुठल्या जागी जाऊन काम करणार, हे तिच्या डबीवर लिहिलेलं नसतं.

एक गोष्ट नावानिशी टाळा: अल्फाल्फाच्या गोळ्या आणि मोड. अल्फाल्फा म्हणजे आपला गुरांना घालतात तो लसूणघास. त्याच्यातल्या कॅनाव्हनिन या घटकाने माकडांत ल्युपससारखा आजार झाला होता. मुगा-मटकीच्या मोडांशी याचा संबंध नाही.

रक्तातून 'एपिजेनेटिक चाचणी' करून आहार ठरवून देणाऱ्या जाहिराती दिसतात. करावी का?

पैसे वाचवा. रक्ताच्या थेंबात डझनभर प्रकारच्या पेशी असतात आणि प्रत्येकीच्या खुणा वेगळ्या. पेशींचं प्रमाण जरा बदललं, साधी सर्दी झाली, की सरासरी हलते. फॉक्सपी-३ चं तर आणखी एक त्रांगडं आहे. ते एक्स गुणसूत्रावर आहे. बायकांमध्ये दोनपैकी एक एक्स निद्रिस्त असतं आणि त्यावरच्या खुणा कायम राहतात, त्यामुळे बाईचा आकडा आणि पुरुषाचा आकडा जसाच्या तसा ताडून पाहताच येत नाही. अहवालात याचा उल्लेख नसेल तर तो बनवणाऱ्याला विषय कळलेला नाही.

टी-रेग जितक्या जास्त तितकं चांगलं, असं समजायचं का?

नाही. कर्करोगाची गाठ टी-रेगच्या आडोशाने वाढते. गंमत म्हणजे मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढवणारे उपचार) घेणाऱ्या रुग्णांत जास्त चोथा खाणाऱ्यांची प्रकृती चांगली राहिल्याचं २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं, म्हणजे तिथे चोथा लढणाऱ्या बाजूला उपयोगी पडला. त्याच अभ्यासात दुकानातून आणलेल्या प्रोबायोटिक गोळ्यांनी मात्र मदत झाली नाही.

आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. आहार सुधारून ते बंद करता येईल? आणि त्याच्याबरोबर फॉलिक ॲसिड का देतात?

आहाराच्या भरवशावर बंद करू नका. सांध्याचं हाड एकदा झिजलं की भरून येत नाही. मेथोट्रेक्सेट फोलेटच्या वापरातच आडवं येतं, त्यामुळे तोंड येणं, मळमळ, यकृतावर ताण असे त्रास होतात. फॉलिक ॲसिडने ते कमी होतात आणि आमवातावरचा उपयोग बहुतांशी तसाच राहतो. पालेभाजीतल्या फोलेटने औषध 'कापलं जातं' ही समजूत चुकीची आहे, मेथी-पालक खुशाल खा. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, हे औषध गर्भाला घातक आहे. आणि गोळ्यांच्या पाकिटावर वार लिहून ठेवा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं.